खालाची हरकत

आमच्या कॉलनीचं नाव सौजन्यनगर. हे नाव ज्यानं ठेवलं तो माणूस मला कधी भेटला नाही. भेटला असता तर त्याला मी चार दिवस आमच्या गल्लीत राहायला बोलावलं असतं. जालना रोड ओलांडून आत गेलं की एकमेकांना चिकटून बांधलेल्या बैठ्या घरांच्या रांगा, प्रत्येक घरापुढं हातभर अंगण, मागं मोरी आणि धुणं वाळवायची जागा. घरं एका मोठ्या सरकारी खात्यानं बांधली आणि चिठ्ठ्या टाकून वाटली. कागदावर त्या जागेला 'निवासी' म्हटलेलं होतं. निवासी म्हणजे माणसानं तिथं राहायचं, जेवायचं, झोपायचं, भांडायचं, पण पोट भरायचं काम मात्र दुसरीकडं जाऊन करायचं. हा नियम ज्यांनी केला त्यांची पोटं दुसरीकडं भरत होती, एवढं मला नववीत असतानाही कळत होतं.

आमचे अण्णा चिकलठाण्याच्या एका कारखान्यात फिटर होते. कारखान्याला टाळं लागलं. मालक म्हणाले महिनाभराचा प्रश्न आहे, आणि अण्णांनी ते खरं मानलं. रोज सकाळी दाढी करून, डबा घेऊन ते फाटकापर्यंत जायचे, तिथल्या झाडाखाली इतरांबरोबर बसायचे आणि डबा खाऊन परत यायचे. आईनं ते काही दिवस पाहिलं. मग एकदा ती पैठणला तिच्या मामाकडं गेली आणि परतताना टेम्पोत बसून आली. टेम्पोत मागं मामाचं बंद पडलेलं मिरची कांडपाचं यंत्र होतं. अण्णा अंगणात उभे राहून बघत राहिले. आई खाली उतरली आणि म्हणाली, "बगत काय ऱ्हायला? तुमी फिटर हाय न्हवं? बसवा की." अण्णांनी पुढच्या खोलीतला पलंग हलवला, फरशी फोडली आणि ते यंत्र बसवलं. कारखाना बंद पडल्यावर त्यांना मी त्या दिवशी पहिल्यांदा शीळ घालताना ऐकलं.

ज्यांनी आयतं तिखट पाकिटातून आणलं त्यांना कांडप काय ते सांगावं लागेल. लोखंडी उखळ, त्यात वरखाली होणारी लोखंडी मुसळं, वर मोटार आणि पट्टा. बायका उन्हात कडकडीत वाळवलेली, देठ खुडलेली मिरची घेऊन येतात, कुणी खडं मीठ आणि जरासं तेल आणतात. मुसळं धप्प, धप्प, धप्प अशी पडत राहतात. आई तोंडानाकाला पदर बांधून उखळाशी बसायची, मधेच हात घालून मिरची उलटवायची, चाळणीवर घ्यायची, वर राहिलेली भरड पुन्हा आत टाकायची. आमच्याकडं उन्हाळ्याचे सगळे दिवस त्या आवाजाचे होते. जेवतानाही ताटातलं वरण हलायचं. घरभर लाल पूड बसायची, वहीच्या पानांत, उशीच्या अभ्र्यात, माझ्या वेणीत. वर्गातल्या मुली माझ्या शेजारी बसल्या की शिंकायच्या. मिरची झाली की मसाल्याचा हंगाम. लग्नसराईत येसर कांडायला यायचा, धने, बाजरी, हरभऱ्याची डाळ आणि मसाले भाजून केलेला, आणि त्या वासानं मात्र साऱ्या गल्लीला भूक लागायची. रात्री आई त्यातलाच चिमूटभर येसर घालून आमटी करायची, सोबत ज्वारीची भाकरी. तशी आमटी मी नंतर कुठंही खाल्ली नाही आणि कुणी केली म्हणालं तर माझा विश्वास बसत नाही.

आमचं घर रांगेच्या टोकाचं. त्यामुळं आम्हाला एकच भिंत सामाईक होती आणि त्या भिंतीपलीकडं अख्तरी खाला राहायच्या. त्यांचे मियाँ पोस्टातून निवृत्त झालेले, त्यांना आम्ही खालू म्हणायचो. ते कानानं अधू होते, म्हणून सुखी होते. खाला मात्र सगळं ऐकायच्या. आमची मुसळं पडायला लागली की त्यांच्या फळीवरची पातेली वाजायची. मिरचीचा पहिला ठसका भिंतीवरून त्यांच्याच अंगणात जायचा. त्या खिडकीला ओली चादर लावायच्या, खोकायच्या, आणि खोकून झालं की भिंतीवरून विचारायच्या, "आज किसकी है गे? बहुत तेज है!" ईदेला मटणाच्या खलियाचा मसाला त्या आमच्याच उखळात कांडून घ्यायच्या आणि संध्याकाळी मोठा वाडगा भरून नान-खलिया भिंतीवरून यायचा. आईला त्या 'बहू' म्हणायच्या. आई माळकरी, मटण न खाणारी, पण आमच्यासाठी तो वाडगा ती स्वतः हात पुसून घ्यायची. दोघींचं बोलणं कसं चालायचं ते ऐकण्यासारखं होतं. आई तिच्या पैठणकडच्या मराठीत बोलायची, खाला त्यांच्या दखनीत, आणि दोघींना एकमेकींचं सगळं कळायचं. निदान स्वयंपाकघरातलं तरी सगळं कळायचं.

खालांच्या दुसऱ्या भिंतीला सातपुते राहायचे. आमच्या कॉलनी मंडळाचे सेक्रेटरी. विमा कचेरीत नोकरी आणि संध्याकाळी पुढच्या खोलीत गणिताची शिकवणी. त्यांच्या दारात पोरांच्या सायकली अशा पडलेल्या असायच्या की गल्लीतून भाजीची गाडी जाईना. पाढे, सूत्रं आणि मध्येच टेबलावर आपटलेली पट्टी, हे सगळं खालांच्या भिंतीतून पार आमच्यापर्यंत ऐकू यायचं. त्याला कुणी आवाज म्हणत नव्हतं. सातपुत्यांचं खरं दुखणं मिरची हे नव्हतंच. त्यांच्या घरची वर्षाची मिरची आमच्याकडंच कांडली जायची. त्यांना खुपायच्या त्या बायका. आसपासच्या खेड्यांतून डोक्यावर गठुडी घेऊन आलेल्या, आमच्या अंगणात जागा पुरली नाही म्हणून गल्लीच्या कडेला सावलीत बसलेल्या, तंबाखू मळणाऱ्या, मोठ्यानं हसणाऱ्या. मंडळाच्या बैठकीत सातपुते म्हणाले, "कॉलनीचा काही दर्जा असतो." अण्णा त्या बैठकीला होते. घरी येऊन त्यांनी ते वाक्य आईला सांगितलं तेव्हा आई मिरचीची देठं झाडत होती. ती म्हणाली, "त्याच्या बापाला इचारा म्हनावं दर्जा. तो बी गठुडं घेऊनच आल्ता."

मग खात्याची नोटीस आली. निवासी जागेत विनापरवाना यंत्र. मी आजवर अनेक नोटिसा पाहिल्या, पण तिच्यातलं मराठी मला अजून पाठ आहे आणि अजून त्याचा राग येतो. अण्णा कचेरीत गेले, तिथं बाकावर दिवस काढून नियम समजून घेऊन आले. नियम असा होता की वकिली, दवाखाना, शिकवणी असं डोक्याचं काम घरातल्या एका खोलीत खुशाल करावं, त्याला विचारणारा कोणी नाही. मात्र भिंतीच्या शेजाऱ्यानं लेखी तक्रार दिली तर त्यालाही परवाना लागेल. हाताचं काम, त्यात यंत्र आलं की परवाना आधीच हवा. लहान यंत्राला परवाना मिळतो, पण भिंतीला भिंत लागून असलेल्या शेजाऱ्याची 'ना हरकत' पाहिजे. एखाद्या घराला दोन्हीकडं शेजारी असतात, आम्हाला एकच. अण्णांचा चेहरा उजळला होता. "आपली तर एकच भित. अन् भितीपल्याड खाला. झालंच म्हून समज."

ते कागद घेऊन लगेच शेजारी गेले. मी शाळेत होते, त्यामुळं तिथं काय बोलणं झालं ते मी पुढं दोन्हीकडून ऐकलं. अण्णा म्हणाले, "खाला, इसपे सही होना. ना हरकत का कागज है." खालांनी चष्मा लावला, पण कागद मराठीत, त्यांची शाळा उर्दू. त्यांनी विचारलं, "क्या का कागज?" अण्णा म्हणाले, "ना हरकत का. तुमारी ना हरकत, इधर सही." खालांनी कागद दूर सारला. "तौबा! मैं कायकू करूं ना हरकत पे सही? मेरे हाथ से नै होता ये." अण्णा पुन्हा एकदा म्हणाले. खाला पुन्हा 'नै' म्हणाल्या, या वेळी जरा रागानं. आमचे अण्णा म्हणजे नाकावर राग ठेवून फिरणारा माणूस. त्यांनी कागद घडी करून खिशात घातला आणि चहा न घेता घरी आले. आईला म्हणाले, "तोंडावर नाय म्हनली. इतकी वर्सं झाली, अन् तोंडावर नाय." आई म्हणाली, "ती नाय म्हनायची नाय. तुमी काय तरी उलटं इचारलं असंल. मी जाते." अण्णांनी तिला उंबऱ्यात अडवलं. भीक मागायला जायचं नाही म्हणाले. त्या दिवसापासून भिंतीवरून बोलणं बंद झालं, कारण पलीकडं खालाही फुगून बसल्या होत्या.

सहीविना अर्ज गेला तर पाहणीला माणूस येतो आणि शेजाऱ्याला तोंडी विचारतो. तसा एक निरीक्षक आला. त्याचं नाव मला आठवतं, पण ते मी इथं लिहिणार नाही, त्याला तेवढाही मान द्यायची माझी इच्छा नाही. सोबत इस्त्रीच्या सफारीत सातपुते. दोघं आधी सातपुत्यांच्या घरी चहा प्यायले. गल्लीत येताच अंगणात बसलेल्या खालूंना निरीक्षकानं अस्सल दखनीत हटकलं, "क्या मियाँ, बैठे क्या? तबेत कैसी?" खालूंना ऐकू आलं नाही. मला आलं. मी आणि आई आमच्या पायरीवर उभ्या होतो, आत अण्णांनी यंत्र चालू ठेवलं होतं, गल्लीत बायका आपापल्या गठुड्यांवर बसल्या होत्या. निरीक्षक खालांच्या दारात गेला. तिथं मात्र तो एकदम सरकारी मराठीत शिरला. "बाई, या शेजाऱ्यांच्या व्यवसायाबद्दल तुमची काही हरकत?"

खालांनी आमच्याकडं पाहिलं. अण्णांवर त्या रुसलेल्या होत्या, पण परक्या माणसासमोर शेजाऱ्याची बाजू घ्यायची की नाही, हा प्रश्न त्यांना पडणारा नव्हता. त्यांनी डोक्यावरची ओढणी सारखी केली आणि ठणकावून सांगितलं, "हरकत? हौ, है ना! सुबू से शाम तक हरकत है इनके घर में, माशाल्ला. पैले तो मुर्दा पड़ेला था घर."

निरीक्षकानं लिहिलं. लिहिता लिहिता मोठ्यानं म्हणाला, "शेजाऱ्यांची हरकत आहे. सकाळपासून संध्याकाळपर्यंत."

मला तिथल्या तिथं कळलं. हरकत म्हणजे खालांच्या भाषेत हालचाल, लगबग, माणसांची ये-जा. घर हलतंबोलतं आहे, ती हरकत. आक्षेप या अर्थानं तो शब्द त्यांच्या कानावरच आला नव्हता, कारण 'हरकत नाही' असं आमच्या घरात कुणी म्हणतच नव्हतं. आई म्हणायची 'चालतंय की'. ना हरकत म्हणजे खालांच्या लेखी 'यांच्या घरची लगबग बंद व्हावी', आणि म्हणून तर त्यांनी अण्णांच्या कागदावर सही केली नव्हती. मी पायरीवरून उडी मारून धावले आणि ओरडून सांगितलं, "साहेब, त्यांना तसं नाही म्हणायचं! हरकत म्हणजे काम चालू असतं असं म्हणतायत त्या. परत विचारा, हिंदीत विचारा." निरीक्षकानं वहीतून डोकं वर काढलं. त्याला सगळं कळलं होतं. दोन मिनिटांपूर्वी त्याच गल्लीत त्याच भाषेत बोललेला माणूस तो. तो म्हणाला, "तुला विचारलं का कुणी? मोठ्यांच्या मधी बोलायचं नसतं." आणि सातपुते माझ्याकडं बघून हसले. गणिताचे मास्तर होते, चूक कुठं झाली ते त्यांना माझ्याइतकंच दिसलं होतं. मला आयुष्यात पुष्कळ माणसांचा राग आला, नवऱ्याचा आला, सासूचा आला, पण त्या हसण्यावर जो आला तो कधी उतरलाच नाही. उतरावा अशी माझी खटपटही नाही.

यंत्राला सील लागलं. उखळावर कापडाची पट्टी, तिच्यावर लाखेचे शिक्के. उखळात कुणाची तरी मिरची अर्धी कांडलेली तशीच राहिली. ऐन चैत्र, हंगाम नुकता कुठं तापला होता. बायका आपापली गठुडी उचलून गेल्या. आमच्या कोपऱ्यात एक गठुडं सातपुते काकूंचंही होतं, ते न्यायला त्यांनी शिकवणीतल्या मुलाला पाठवलं. आईनं ते मुकाट्यानं दिलं. मी दिलं नसतं.

निरीक्षकाची पाठ वळली तशी मी खालांच्या घरात शिरले आणि शब्दाचा सगळा घोळ त्यांना सांगितला. आधी त्यांचा विश्वास बसेना. मग त्यांनी कपाळावर हात मारला नाही की डोळ्याला ओढणी लावली नाही. त्या सरळ चपला घालून आमच्या घरात आल्या आणि अण्णांसमोर कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "भाईसाब, तुम मेरेकू समझाके कायकू नै बोले?" अण्णाही तापलेलेच होते. "समजाके काय बोलायचं? तुमी नाय म्हनला, मंग मी काय पाया पडू?" खाला म्हणाल्या, "नै बोली तो पूछना था, कायकू नै! इतने बरस का पड़ोस है, एक सवाल नै पूछ सकते?" अण्णा म्हणाले, "अन् तुमी? तुमी का इचारलं नाय, ना हरकत म्हंजे काय म्हून?" दोघंही खरं बोलत होती आणि दोघंही ओरडत होती. आई मध्ये पडली नाही. ती सील लागलेल्या उखळापाशी बसून होती. शेवटी खाला उखळाकडं वळल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "मेरी ज़बान से मेरे पड़ोसी का पेट काटा उसने." आई उठली आणि चहा टाकायला गेली.

आम्ही चौघं कचेरीत गेलो. खालांनी ठेवणीतला बुरखा घातला होता आणि वाटेत रिक्षात माझ्याकडून एकच वाक्य घोकून घेतलं होतं. तिथल्या मोठ्या साहेबाच्या टेबलापुढं उभं राहून त्यांनी ते शाळेतल्या पोरीसारखं म्हटलं, "माझी काही हरकत नाही." साहेब वाईट नव्हता, आळशी होता, आणि अशा जागी आळशी माणूस वाईट माणसाइतकंच नुकसान करतो. तो म्हणाला, फाईलवर हरकत नोंदली गेली आहे, आता नवा अर्ज, नवी पाहणी, रीतसर नंबर लागेल. अण्णा म्हणाले, "साहेब, तवर हंगाम जाईल. मिरची काय पावसाळ्यात कांडतात का?" साहेब म्हणाला, नियमाला हंगाम नसतो. हे वाक्य त्यानं फार मोठं काही बोलल्यासारखं म्हटलं. मला वाटलं, याच्या जेवणात वर्षभर तिखट नसावं.

हंगाम गेला. त्या उन्हाळ्यात आई गुलमंडीच्या मागं एका दुसऱ्याच्या कांडपावर रोजानं जायला लागली. घरात स्वतःचं यंत्र, आणि ती परक्याच्या उखळाशी बसत होती, मालकाची पोरं तिला 'ए मावशी, हात उचल' म्हणत होती. हे तिनं घरी कधी सांगितलं नाही. एकदा तिला डबा द्यायला गेले तेव्हा मी माझ्या कानांनी ऐकलं. संध्याकाळी ती परतायची तेव्हा मनगटापर्यंत हात लालभडक, डोळे सुजलेले. पूर्वीही हात भाजायचे, पण तेव्हा ती त्याची थट्टा करायची. खाला भिंतीवरून दह्याचं भांडं द्यायच्या, आई ते हातांना चोळून भाकरी थापायला बसायची. अण्णा चिकलठाण्याला एका गोदामावर राखणदार म्हणून लागले. आमच्या पुढच्या खोलीत ते यंत्र तसंच उभं होतं आणि आम्ही त्याला वळसा घालून घरात जात-येत होतो. भिंतीपलीकडच्या भिंतीतून मात्र पाढे चालूच होते.

आता आमच्या त्याच गल्लीत फिरून पाहा. शहराचं नाव बदललं, गल्लीनं तर जातच बदलली. घराघरावर पाटी आहे, कुठं ब्युटी पार्लर, कुठं पोळीभाजी केंद्र, कुठं योगवर्ग. माझी भाची घरात केक करते. तिनं परवाना मोबाईलवर काढला, मला दाखवला. त्यात एक चौकोन होता, 'शेजाऱ्यांची हरकत नाही', तिनं तिथं बोटानं टिचकी मारली आणि झालं. मी तिला म्हटलं, कुणाला विचारलंस का? ती म्हणाली, मावशी, कोण विचारतं? पण त्या टिचकीचा मला हेवा वाटला आणि रागही आला, कुणाचा ते धड सांगता येणार नाही.

तर, खाला. त्याच उन्हाळ्यात, नव्या अर्जाचं काय झालं ते विचारायला आम्ही पुन्हा कचेरीत गेलो होतो. नंबर लागला नव्हताच. कारकून जरा बोलका होता. खालांनी त्याला विचारलं, "ये हरकत जो है, वो सिर्फ मिरची पेच लेते क्या?" कारकून म्हणाला, नाही हो, कुठल्याही धंद्यावर घेता येते, फक्त भिंत लागून पाहिजे. खालांनी दोन बोटं वर केली. मग म्हणाल्या, "मेरेकू दो दीवारां हैं." कारकुनाला काही कळलं नाही. अण्णांना कळलं. ते जिना उतरताना मधेच थांबले आणि इतके हसले की त्यांना कठड्याला धरून उभं राहावं लागलं.

अर्ज मी लिहिला. खाला पाटावर बसून सांगत होत्या, मी मराठीत उतरवत होते. शिकवणीचा आवाज, पट्टीचा आवाज, सायकलींची अडचण, भिंतीला लागून बसणाऱ्या पोरांच्या पाठीनं उडणारे पोपडे. सगळं खरं होतं, एक शब्दही वाढवावा लागला नाही. शेवटी खाला म्हणाल्या, "अब वो लिख. मोट्टे अक्षर में लिख." मी लिहिलं, हरकत आहे. खाली त्यांनी उर्दूत सही केली, उजवीकडून डावीकडं, सावकाश.

शाळा सुरू व्हायच्या तोंडावर सातपुत्यांना नोटीस आली. शिकवणी बंद ठेवा, परवाना घ्या, भिंतीच्या शेजाऱ्याची ना हरकत जोडा. ते कागद घेऊन खालांच्या दारात आले तेव्हा मी आणि आई खालांच्या अंगणात मिरचीची देठं खुडत बसलो होतो, घरच्यापुरती. आम्हाला बघून ते अडखळले. तरी हसून म्हणाले, "खालाजी, हे काय केलंत? शेजारधर्म आहे काही. इथं एक सही करा." खालांनी त्यांना बसायलाही सांगितलं नाही. "क्या का कागज है?" सातपुते म्हणाले, "ना हरकतीचा." खाला म्हणाल्या, "हरकत मतलब क्या? मैं अनपढ़, मेरेकू समझाओ." सातपुत्यांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. त्यांनी आमच्याकडं पाहिलं, मग जमिनीकडं, आणि मास्तरांनी त्या शब्दाचा अर्थ खालांना नीट, सावकाश, दोन भाषांत समजावून सांगितला. सगळा अर्थ त्यांना येत होता. खाला ऐकून घेत होत्या. मग म्हणाल्या, "अच्छा. तो पैले इनका सील खुलवाओ, इनका परवाना निकालो. फिर देखेंगे."

जे काम सारा उन्हाळा होत नव्हतं ते आठवड्याच्या आत झालं. सातपुते स्वतः कचेरीत बसून राहिले, स्वतः त्याच निरीक्षकाला घेऊन आले. त्यानं लाखेचे शिक्के फोडले, पाहणी केली, खालांना विचारलं, आणि खालांनी घोकलेलं वाक्य म्हटलं. परवान्याचा कागद आईच्या हातात पडला त्याच संध्याकाळी सातपुते आपला कागद घेऊन खालांकडं गेले. खाला दारातच उभ्या होत्या. "देखेंगे बोली थी ना मैं," त्या म्हणाल्या, "देख ली." आणि दार लावून घेतलं. सातपुत्यांना त्या वर्षी शिकवणी गुलमंडीत भाड्याच्या खोलीत न्यावी लागली. हे बरोबर झालं की चूक, असं मला पुष्कळांनी विचारलं. मला बरोबर वाटतं. सातपुते पुढं वारले तेव्हा मी गेले नाही, आणि त्यांचा मुलगा सकाळी फिरताना नमस्कार करतो तेव्हा मला दुसरीकडं बघायचं काम निघतं.

पण परवाना हातात आला तेव्हा आभाळ भरून आलेलं होतं. लोकांच्या घरची वर्षाची तिखटं बरण्यांत जाऊन बसली होती. अंगणात एकही गठुडं नव्हतं. अण्णांनी मोटारीला तेल दिलं, पट्टा ताणला आणि ते नुसतेच उभे राहिले. आता चालवायचं कुणासाठी, असं त्यांनी विचारलं नाही, पण त्यांच्या तोंडावर ते दिसत होतं. आईनं मला हाक मारली. "जा, शहागंजातून मिरची आन. लवंगी आन. सगळ्यात जहाल असंल ती." मी आणली. तिनं पदर नाकाला बांधला. मग उठून घराची सगळी दारं, सगळ्या खिडक्या सताड उघडल्या, ज्या ती कांडताना नेहमी अर्ध्या लोटून घ्यायची. आणि बटण दाबलं.

मुसळं पडायला लागली. वारा सातपुत्यांच्या घराकडं होता. पहिल्यांदा खाला खोकल्या, आणि खोकता खोकता भिंतीपलीकडून त्यांचं हसू ऐकू आलं. मग पुढच्या घरातून खोकला आला, मग त्याच्या पुढच्या. थोड्या वेळानं सातपुते बनियनवर, डोळे पुसत आमच्या फाटकाशी येऊन उभे राहिले. त्यांना काहीतरी बोलायचं होतं, पण तोंड उघडलं की ठसका लागत होता, आणि ते नुसतेच हात हलवत होते. आईनं मान वर करून त्यांच्याकडं पाहिलं, चांगलं नीट पाहिलं, आणि उखळात आणखी दोन मुठी टाकल्या.